मामांचं बंदर

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस माझ्या बायकोच्या थोरल्या मामांशिवाय उभ्या महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. इंदापूर तालुक्यात ऊस आहे, ज्वारी आहे, मेंढरं आहेत, कारखान्याच्या मळीचा वास आहे. नाही तो फक्त समुद्र. पण हे मामांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. डाळजच्या पलीकडं, उजनी धरणाच्या पाण्याच्या अगदी काठाला त्यांचं गाव. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण ज्या सरपंचांची हकीकत पुढं येणार आहे ते आता नात्यानं माझे व्याही लागतात आणि लग्नकार्यात पंगतीला माझ्या शेजारी बसतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की मामा म्हणायचे, ओहोटी लागली. पावसाळ्यात तेच पाणी घराच्या दिशेनं चढू लागलं की भरती आली. नवा जावई असताना मी एकदा शहाणपणा दाखवायला गेलो. म्हटलं, "मामा, भरती-ओहोटी रोजच्या रोज असते." मामांनी माझ्याकडं अतिशय कणवेनं पाहिलं. "जावईबापू, ते मुंबईचं झालं. तितं समद्यांनाच घाई. आपला समुद्र सावकाश हाय. वर्साला एक भरती, एक ओहोटी. पर चुकत न्हाय." 

मामांचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. तरुणपणी मामांना मेंढरांचा कंटाळा आला आणि ते कुणाला न सांगता मुंबईला पळाले. तिथं त्यांना गोदीच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी लागली. फाटकाच्या आत बोटी आणि फाटकाच्या बाहेर मामा, अशी त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. धरण झालं, नदीकाठचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि लोक वरच्या माळावर येऊन राहिले, तेव्हा मामा नोकरी सोडून परत आले. बाकीची माणसं पाण्याकडं बघून डोळ्याला पदर आणि पटके लावत होती. मामांनाही वाईट वाटलंच असणार, पण ते काठावर उभं राहून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बंदर करायला जागा झाक हाय." जुन्या गावाकडं जाणारा गाडीरस्ता होता. मुरमाचा, टणक. तो माळावरून उतरत उतरत सरळ पाण्यात शिरलेला. पलीकडच्या काठावरून येणाऱ्या होड्या त्याच रस्त्यावर लागायच्या, कारण पाणी वर असो की खाली, पाय ठेवायला कोरडी जमीन तेवढीच. सगळं गाव त्याला उतार म्हणायचं. बंदर म्हणणारे एकटे मामा.

हा समुद्र त्यांनी घरातही आणला होता. गोठ्यात म्हैस बांधताना ते गड्याला "नांगर टाक" म्हणायचे. पहिल्यांदा गडी खरंच नांगर घेऊन आला होता, असं मामी सांगतात. डोक्याला खाकी टोपी, गळ्यात पितळी शिट्टी आणि खाली धोतर असा त्यांचा पोशाख. शिट्टी गोदीतून आलेली. ती त्यांना कुणी दिली होती की त्यांनी घेतली होती, हे मी विचारलं नाही. पाण्यावर हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी उतरायचे, त्यांचाही मामांना पुरावा म्हणून उपयोग व्हायचा. "परदेशातनं थेट हितं उतरत्यात. बंदर असल्याबिगर परदेशातली जहाजं येतील का?" जहाजं नव्हे, पाखरं, असं कुणी म्हटलं तर ते म्हणायचे, "सुरुवात पाखरांनीच व्हती." मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "ह्यांला गोदीनं सोडलं, पर ह्यांनी गोदीला सोडलं न्हाय." आणि तरी मामा बाहेरून आले की त्याच मामी आत सुनेला सांगायच्या, च्या टाक, बोट लागली.

एकदा भिगवणहून बारामतीला येणाऱ्या एस.टी.त मी त्यांच्याबरोबर होतो. गाडी खच्चून भरलेली. मामा उठले, सगळीकडं नजर टाकली आणि उजव्या अंगाच्या दोन चांगल्या भरल्या अंगाच्या बायकांना म्हणाले, "बाई, तुमच्यातली एकजण त्या अंगाला बसा. गाडी कलतीय." बायका भडकल्या. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "तात्या, ही एस.टी. हाय, बोट न्हाय." मामा शांतपणे म्हणाले, "म्हणून तर सांगतुया. बोट बुडायला टाइम लागतो." पुढच्या वळणावर गाडी खरोखरच जोरात कलली, तेव्हा त्यांतली एक बाई आपणहून उठून पलीकडं जाऊन बसली. मी खिडकीतून बाहेर बघत, हे गृहस्थ आपले कुणी लागत नाहीत असा चेहरा करून बसलो होतो. मामा अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, बघा, जमलं का न्हाय?"

पण मामांची खरी हौस फिटायची ती बाजाराच्या दिवशी. पलीकडचा काठ म्हणजे करमाळ्याकडचा मुलूख, दुसरा जिल्हा. तिकडच्या माणसांना भिगवणचा बाजार जवळ, बारामतीचा दवाखाना जवळ, पण मध्ये हे पाणी. रस्त्यानं यायचं तर गाड्या बदलत, वळसा घालत अख्खा दिवस मोडायचा. म्हणून होडी. होडी दिसली की मामा शिट्टी फुंकत उतारावर हजर. "बाया आदी, कोंबड्या मागनं! अरं, ती शेळी धर, ती उडी मारंल!" ते प्रत्येक बाईला हात देऊन उतरवायचे, तान्ही पोरं आपल्या हातात घ्यायचे, म्हाताऱ्यांची गाठोडी वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन द्यायचे. त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी कधी आभारही मानले नाहीत. उलट होडीवाला वैतागायचा. मामा त्याला म्हणायचे, "माझ्या बंदरात माझा हुकूम."

ह्या होडीतून वर्षातून दोनचार वेळा अक्का यायची. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. माझ्या बायकोची मोठी मावशी, पण अक्का तिला सगळेच म्हणत. मामांची आई ते पाळण्यात असताना गेली. पुढं अक्कानंच त्यांना काखोटीला मारून मेंढरांमागं हिंडवलं, भाकरी कुस्करून भरवली. तिला दिली होती समोरच्याच काठावर. धरणाआधी ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ओ यायची आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता यायचं. धरणानं तिचं माहेर लांब नेलं. तरी नागपंचमीला ती कधी चुकली नाही. आमच्याकडं पंचमीला लेकी-बहिणी माहेरी येतात, आणि साठी उलटलेली अक्का तरण्या पोरीच्या उत्साहानं शेंगांचं गाठोडं काखेत घेऊन यायची. होडी लागायच्या आतच मामांचं सुरू व्हायचं, "उजवा पाय आदी! पदर सांभाळ! बसून ऱ्हा, मी सांगंस्तवर उठू नगंस!" अक्का उठून उभी राहून म्हणायची, "तू गप रं." साऱ्या बंदरात मामांचा हुकूम मोडणारी ती एकटीच होती.

आणि एका हिवाळ्यात ग्रामपंचायतीनं हे बंदरच बंद केलं. नवी मंडळी निवडून आली होती, त्यांना गाव सुंदर करायचं होतं. सुशोभीकरण हा शब्द तेव्हा नवीनच आला होता आणि तो ज्याच्या तोंडात बसला त्याला स्वस्थ बसू देत नव्हता. उताराच्या दोन्ही अंगांना तारेचं काटेरी कुंपण आलं, ते पार पाण्यात नेलं. वर लोखंडी फाटक, त्याला कुलूप. आत सिमेंटची बाकं आणि वाळायला लागलेली अशोकाची रोपं. होड्यांनी शेजारी वेड्या बाभळींकडं लागावं असं ठरलं. तिथं काळ्या रानाचा गाळ. पाय घातला की पाय वर येतो, चप्पल येत नाही. होडीतून येणाऱ्या बायका डोक्यावरच्या पाट्यांसकट पडू लागल्या. कुणाचं तेल सांडलं, कुणाची अंडी फुटली. मामा ग्रामसभेत उभे राहिले. त्यांनी बंदर हा शब्द उच्चारल्याबरोबर सभा हसली. सरपंच म्हणाले, "तात्या, बंदर-बिंदर काय न्हाय हितं. साधा उतार हाय. आन् ती पल्याडची माणसं. आपल्या गावची न्हाईत, आपल्या जिल्ह्याची न्हाईत, मतदार तर न्हाईतच. त्यांच्यापायी आपली बाग मोडायची व्हय?" मामांनी विचारलं, "ह्या बागंत बसणार कोण? सावलीला चार काटक्या हायत." सभा पुन्हा हसली आणि पुढचा विषय निघाला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मला मामींनी नंतर सांगितलं. मला ते खरं वाटतं.

त्यानंतर अक्का आली ती गाळातूनच. ती मांडीपर्यंत रुतली. तिला ओढून काढायला माणसं धावली, आणि मामा फाटकाच्या आत, कुलपाच्या त्या बाजूला अडकलेले. ते कुंपणावरून टांग टाकून आत गेले होते, शिट्टी फुंकायला. आता त्यांना परत येता येईना. धोतर तारेत अडकलं. बहीण चिखलात आणि भाऊ तारेत. अक्का चिखलातून हसत म्हणाली, "एवढं काय झालं रं? चिखूलच हाय, पेटलेलं इंगळ न्हाईत." पण मामांना हसू आलं नाही. अक्काचे गुडघे आधीच गेलेले. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की म्हातारीला पडू देऊ नका, एकदा पडली की उठायची नाही. दुसऱ्याच दिवशी मामा माझ्या टायपिंगच्या क्लासात हजर झाले. बारामतीत माझा मराठी-इंग्रजी टायपिंगचा क्लास होता, आणि घरात एक टायपिंगवाला जावई असणं ही आपली मोठी ताकद आहे असं मामा मानत. "जावईबापू, वर तालुक्याला अर्ज करायचा. पंचमीच्या आत बंदर खुलं झालं पायजे. म्हायारला आलेली बाई चिखलातनं यायची व्हय?"

मी मशीनवर कागद चढवला. विषय काय टाकू म्हटल्यावर ते म्हणाले, "टाका, बंदराबाबत तक्रार." मी म्हटलं, "मामा, होडीचा धक्का म्हणू या. नाहीतर सरळ उतार." मामा खुर्ची सरसावून बसले. "उतार म्हणलं की कुणीबी उतरंल. धक्का म्हणलं की सायेब म्हणंल, कुणी दिला? बंदर म्हणलं की सरकार उठून उभं ऱ्हातंय. मी गोदीत बघितलंय." टायपिंग शिकायला आलेल्या पोरी मशीन थांबवून ऐकत होत्या. शेवटी मी मुकाट्यानं टाइप केलं: आमच्या गावच्या बंदरामुळे ये-जा करणाऱ्या माणसांचे फार हाल होत आहेत. बायका-मुले पडतात. ग्रामपंचायत लक्ष देत नाही. तरी साहेबांनी स्वतः येऊन बंदर पाहावे व त्याचा तातडीने बंदोबस्त करावा. वाचून दाखवल्यावर मामा खूश झाले. "बंदोबस्त ह्यो शबूद लई भारी पडला," असं म्हणून त्यांनी सगळ्या क्लासाला चहा पाजला.

तो अर्ज कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेला, हे मला माहीत नाही. उन्हाळा संपत आला होता. मी सहज मामांकडं गेलो होतो, आणि आम्ही ओट्यावर बसलो असताना समोर एक जीप येऊन थांबली. जीपमध्ये वन खात्याची तीन माणसं, मागं मोठा पिंजरा, एक जाळं आणि केळीचा घड. घड बघून मला आपल्या अर्जातला एकेक शब्द आठवू लागला. पुढं बसलेले साहेब उतरले. ते विदर्भाकडचे होते, नुकतेच बदलून आलेले, अंगानं चांगले भरदार.

"बंदराची तक्रार तुमचीच ना काहो?"

"माझीच. या, बसा. सरकारला जाग आली म्हणायची."

"किती आहेत?"

"किती म्हंजी? एकच हाय. पर मोठं हाय."

साहेबांनी वळून पिंजऱ्याकडं पाहिलं. "आता कुठी आहे?"

"आता उन्हाळ्याचं लांब गेलंय. पावसाळ्यात पार ह्या ओट्याला टेकतंय."

"घरापर्यंत येते? अन् लेकरंबाळं?"

"लेकरं तितंच खेळत्यात की. त्यांला काय भ्या न्हाय."

"कुणाला चावलं तर नाही ना?"

मामा क्षणभर गोंधळले, मग ही साहेबी भाषा असावी असं त्यांनी धरलं. "चावत न्हाय, साहेब. पर माणसं लई पडत्यात. मागं आमची अक्का मांडीपतूर आत गेली."

"आत गेली? कशाच्या आत?"

"बंदराच्या."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ माकडं धरली असतील, पण मांडीपर्यंत म्हातारी गिळणारं माकड त्यांच्या पाहण्यात आलं नसावं. "अन् ग्रामपंचायतीनं काय केलं?" त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं.

"कुंपण घातलं, कुलूप लावलं. तेच तर म्हणतुया. मोकळं सोडा, साहेब. बंदर काय कोंडून ठिवायची चीज हाय व्हय?"

मला एव्हाना सगळं उमगलं होतं. विदर्भात माकडाला बंदर म्हणतात हे मी ऐकून होतो. पण मी तोंड उघडलं असतं तर मोठ्यानं हसू फुटलं असतं आणि मामा जन्मभर बोलले नसते. म्हणून मी खाली मान घालून बसलो. साहेब उठले. "दाखवा बरं कुठी आहे ते." मामा म्हणाले, "चला की. पर फाटकाला कुलूप हाय, ह्या अंगानं जावं लागंल." आणि मामांनी त्यांना बाभळींच्या बाजूनं नेलं. साहेबांच्या दोघा माणसांनी जाळं उचललं. साहेब झाडांच्या शेंड्यांकडं बघत चालले होते, त्यामुळं खाली काय आहे ते त्यांना दिसलं नाही. दोन पावलांत ते गुडघ्यापर्यंत गेले, तिसऱ्याला कमरेपर्यंत. नेमकी तेव्हाच बाजारची होडी लागत होती. पाट्या घेतलेल्या बायका उतरून रोजच्या सवयीनं गाळ तुडवत आल्या, आणि त्यांतल्या दोघींनी पाट्या खाली ठेवून साहेबांच्या बखोट्याला धरलं. "आमी ह्यात रोजच्या हाव, साहेब. तुमी नुसतं ढिलं सोडा अंग. दम धरा." साहेब बाहेर आले, पण त्यांचा एक बूट राहिला. त्यांच्या मागून एक गरोदर बाई दोघींच्या आधारानं येत होती. ती दवाखान्याला निघाली होती. साहेब एका बुटावर उभे राहून तिच्याकडं पाहत राहिले.

ओट्यावर पाय धुऊन, मामींच्या हातचा चहा घेऊन झाल्यावर साहेबांनी विचारलं, "मामा, सारं झालं, पण बंदर काही दिसलं नाही." मामा चकित झाले. "दिसलं न्हाय कसं? तुमी ज्यात पडलासा तेच की!" मग मी पुढं झालो आणि खुलासा केला. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसून झाल्यावर म्हणाले, "आमच्या इकडे माकडाला बंदरच म्हणतेत ना हो!" मामांना मात्र हसू आलं नाही. "माकडाला माकड म्हणावं. सरकारी माणसानं तरी," ते म्हणाले. साहेबांनी केळीचा घड ओट्यावर दम खात बसलेल्या होडीतल्या बायकांत वाटून टाकला, त्या गरोदर बाईला जरा जास्त दिली. निघताना साहेब जीपपाशी थबकले. कुलूप लावलेल्या फाटकाकडं, मग आपल्या पायाकडं पाहिलं. "रिकामा पिंजरा घेऊन चाललो, आता वर काय लिहू मी?" मामा म्हणाले, "हाय तेच लिवा. खोटं कशाला?"

आणि त्या भल्या माणसानं खरोखर आहे तेच लिहिलं. थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीला वन खात्याचं पत्र आलं: आपल्या गावी बंदरास काटेरी तारेचे कुंपण घालून व कुलूप लावून कोंडून ठेवले असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले आहे, सदर बाब गंभीर असून कुंपण तात्काळ काढून टाकावे. ह्यातला एक शब्द खोटा असेल तर दाखवा. सरपंचांना लोकांनी सांगितलं की वन्यप्राण्याच्या प्रकरणात जामीनसुद्धा मिळत नाही. ते धावतच मामांच्या ओट्यावर आले. "तात्या, आमी कुठलं माकड कोंडलं वो? देवाशपथ, एक माकड धरलं न्हाय!" मामा टोपी नीट करत म्हणाले, "मला काय ठावं? हितं बंदरच न्हाय म्हणून भर सभंत तुमीच सांगितलं की." संध्याकाळपर्यंत तारा निघाल्या, फाटक निघालं. बाकं तेवढी राहिली आणि होडीची वाट बघणारी माणसं त्यांवर बसू लागली. त्या पंचमीला अक्का मुरमाच्या रस्त्यावर कोरड्या पायानं उतरली. मामांनी शिट्टी इतकी फुंकली की पाण्यावरची सगळी पाखरं उठली. अक्का म्हणाली, "पुरं की रं आता."

त्यानंतर बरीच वर्षं ती येत राहिली. मग एका पंचमीला आली नाही. मी आणि बायको त्या दिवशी तिथंच होतो. मामा सकाळपासून शेवटच्या होडीपर्यंत उतारावर उभे. होडीवाल्यानं निरोप आणला की अक्काला आता चालवत नाही, ती बाजेवर बसून असते आणि दर घटकेला विचारते, होडी गेली का. मामा घरी येऊन न जेवता झोपले. सकाळी मला म्हणाले, "जावईबापू, जरा माझ्यासंगं चला. पल्याड जाऊन येऊ." आत मामींच्या हातातलं भांडं थांबलं. तेव्हा कुठं मला कळलं की मामा उभ्या जन्मात होडीत बसले नव्हते. अक्काकडं लग्नाकार्याला जायचं झालं तरी ते दिवस मोडून, गाड्या बदलून, वळसा घालून जायचे. मला वाटायचं, मामींना होडीत मळमळतं म्हणून.

ते होडीत बसले ते डोळे मिटून, दोन्ही हातांनी कड धरून. कुणाला हुकूम नाही, काही नाही. पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच खाली वाकून पायांतल्या वहाणा काढल्या आणि हातात धरल्या. मी विचारलं, काय झालं? "खाली आमचं घर हाय," ते म्हणाले. होडीवाल्यानंही काही वेळ वल्हं हळू मारलं. मग पलीकडचा काठ आला. मामांच्या लहानपणी तिकडं खडक होता, मेंढरं त्यावर बसायची. त्यामुळं पलीकडं उतरायची काही अडचण नाही असंच ते धरून चालले होते. खडक केव्हाच पाण्याखाली गेला होता. तिथं ना उतार, ना रस्ता. काठावर सगळीकडं तोच काळा गाळ. मामा त्यात गुडघाभर रुतले आणि तसेच, माझा हात न घेता, वर चालत गेले.

अक्का दारात बाजेवर बसली होती. भावाला पाहून तिनं आधी तोंडावर पदर घेतला. मामा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. पोटऱ्यांवरून चिखल निथळत होता. "अक्का," ते म्हणाले, "हितं उतरायला तर कायच न्हाय की गं."

"पयल्यापास्नं न्हाय."

"आन् तू एवढी वर्सं ह्यातनं यायचीस?"

"मग काय उडत येऊ?"

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुला बोलले असते," अक्का म्हणाली, "तर तू हितंबी अर्ज केला असतास."

मला हसू आलं. मामा हसले नाहीत. ते तिच्या पायाशी जमिनीवरच बसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. सुनेनं पाण्याची बादली आणून ठेवली. "पाय धू जा रं आदी," अक्का पुन्हा पुन्हा म्हणत होती. मामा काही उठले नाहीत.